हाताच्या अंतरावर असावे असे औषध

उन्हाळ्याच्या सुट्टीच्या तोंडावर एक आई आपल्या सात वर्षांच्या मुलाला घेऊन दवाखान्यात आली. मुलगा ठणठणीत होता. तिला केवळ एक प्रमाणपत्र हवे होते. दोन वर्षांपूर्वी काजूकतलीचा एक तुकडा खाल्ल्यावर त्याच्या अंगावर गांधी उठल्या होत्या, ओठ सुजले होते आणि श्वास अडकू लागला होता. तेव्हापासून घरात अ‍ॅड्रेनालिनचे इंजेक्शन असते. आता हे कुटुंब मुंबईहून सिंगापूरला मावशीकडे निघाले होते.

‘‘प्रवासात औषध कुठे ठेवणार?’’ मी विचारले.

‘‘मोठ्या बॅगेत, डॉक्टर. बर्फाच्या पिशवीत गुंडाळून. सुया पाहून विमानतळावर कोणी अडवायला नको.’’

तिच्या काळजीत कसलीही उणीव नव्हती. तरीही साडेपाच तासांच्या त्या प्रवासात तिचे औषध सामानाच्या बंद कप्प्यात असणार होते आणि मूल वर तिच्याजवळ. मधल्या तळातून कोणाचाही हात खाली पोहोचत नाही. ज्यांच्या घरी अशी तीव्र अ‍ॅलर्जी असलेले मूल आहे, त्यांच्याशी आज मला याच अंतराविषयी बोलायचे आहे.

मिनिटांचा हिशेब

अ‍ॅलर्जीच्या सर्वांत तीव्र रूपाला अ‍ॅनाफायलॅक्सिस म्हणतात. नको असलेला पदार्थ पोटात जाताच शरीरातील विशिष्ट पेशी हिस्टामिन व तत्सम रसायने एकाच वेळी मोकळी करतात. रक्तवाहिन्या सैलावतात, रक्तदाब उतरतो, घसा आतून सुजतो, श्वासनलिका आकसतात. हे सारे कधी अर्ध्या तासात, तर कधी पाच-दहा मिनिटांत घडते. बहुधा त्वचेवर पुरळ येते; पण काही मुलांना ते येतच नाही. एकाएकी सुरू झालेला खोकला, घोगरा आवाज, छातीतील घरघर, वारंवार उलट्या, पांढुरका पडलेला चेहरा, अकारण आलेली मरगळ, ही लक्षणेही तितकीच बोलकी असतात. लहान मूल ‘‘घशात काहीतरी होतंय’’ एवढेच सांगते. ते वाक्य गंभीरपणे ऐकावे.

या अवस्थेत पहिले औषध एकच : अ‍ॅड्रेनालिन, मांडीच्या बाहेरील बाजूच्या स्नायूत. ते आकसलेल्या श्वासनलिका उघडते, सूज ओसरवते आणि रक्तदाब सावरते. अ‍ॅलर्जीची नेहमीची गोळी किंवा सिरप खाज व पुरळ कमी करते. बंद होत चाललेला घसा ती उघडत नाही. स्टेरॉइडचा परिणाम दिसायला तर काही तास लागतात.

हे मी पुस्तकातून शिकलो होतो. पण अंगी बाणवायला मलाही वेळ लागला. वीसेक वर्षांपूर्वी कोळंबी खाऊन आलेल्या एका मुलीला मी आधी अँटिहिस्टामिन दिले, मग स्टेरॉइड, आणि वाट पाहत बसलो. तिचा आवाज बसू लागला तेव्हा कुठे अ‍ॅड्रेनालिनची कुपी फोडली. मुलगी वाचली. परंतु ती वाया घालवलेली दहा मिनिटे मला आजही आठवतात. दवाखान्यात माझ्या हाताशी ऑक्सिजन होता आणि दहा मिनिटांवर रुग्णालय होते. समुद्रावरून उडणाऱ्या विमानात पालकांपाशी यांतले फारसे काही नसते. म्हणून तेथे दिरंगाईला जागा नाही.

पेन की कुपी?

परदेशात हे औषध ऑटो-इंजेक्टर, म्हणजे स्वयंचलित पेनच्या रूपात मिळते. त्यात मात्रा आधीच भरलेली असते : बहुधा लहान मुलांसाठी ०.१५ आणि मोठ्यांसाठी ०.३ मिलिग्रॅम. आपल्याकडील नेहमीच्या औषध दुकानांत ही पेने सहजी मिळत नाहीत. अनेक कुटुंबे ती बाहेरून मागवतात. ज्यांना ते शक्य नाही, त्यांना काचेची कुपी आणि सिरिंज यांवर भिस्त ठेवावी लागते. औषध तेच आणि गुणही तोच. फक्त सराव अधिक लागतो.

मात्रा वजनावर ठरते : दर किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम, लहान मुलांत एका वेळी जास्तीत जास्त ०.३ मिलिग्रॅम. म्हणजे २० किलोच्या मुलाला ०.२ मिलिग्रॅम. १ मिलीलिटरमध्ये १ मिलिग्रॅम औषध असलेल्या कुपीतून ते ०.२ मिलीलिटर भरते. पण हा हिशेब विमानात मांडायचा नाही. प्रवासापूर्वी मुलाचे वजन करून आपल्या डॉक्टरांकडून मात्रा लिहून घ्यावी आणि १ मिलीलिटरच्या सिरिंजवर नेमकी कोणत्या रेघेपर्यंत औषध भरायचे, ते खुणेने दाखवून घ्यावे. इन्सुलिनची सिरिंज वापरू नये. तिची सुई आखूड असते आणि तिच्यावरील मापेही वेगळी असतात. निर्जंतुक पाण्याच्या कुपीवर डॉक्टरांसमोर दोन-तीनदा सराव करावा. कुपी फोडताना थरथरणारा हात घरातच स्थिर झालेला बरा.

पेन असो वा कुपी, किमान दोन मात्रा सोबत हव्यात. पाच मिनिटांत आराम पडला नाही, तर दुसरी द्यावी लागू शकते. लांबच्या प्रवासासाठी आणखी एक जादा मात्रा घ्यावी का, हे डॉक्टरांना विचारून ठरवावे.

बांधाबांध करताना

औषध केबिनमध्येच न्यावे. सामानाच्या कप्प्यातील थंडी, धावपट्टीवरील ऊन आणि हरवणारी बॅग या तिन्हींपासून ते वाचते. बर्फही नको : अ‍ॅड्रेनालिन सामान्य खोलीच्या तापमानाला, प्रकाशापासून दूर ठेवायचे असते, गोठणे त्याला मानवत नाही. मे महिन्यात बंद मोटारीतही ते विसरू नये. निघण्यापूर्वी अंतिम तारीख पाहावी, आणि ती परतीच्या दिवसापर्यंत पुरते ना हेही तपासावे. द्राव तपकिरी किंवा गढूळ दिसल्यास बदलून घ्यावा.

सुरक्षा तपासणीची धास्ती अनेकांना असते. वैद्यकीय कारणासाठी लागणारी औषधे व सुया योग्य कागदपत्रांसह जवळ बाळगता येतात. डॉक्टरांच्या नावाच्या कागदावर, नोंदणी क्रमांकासह, इंग्रजीत एक पत्र घ्यावे. मुलाचे नाव पासपोर्टवर जसे आहे तसेच असावे. औषधाची अ‍ॅड्रेनालिन व एपिनेफ्रिन ही दोन्ही नावे लिहून घ्यावीत. अमेरिकेत दुसरे रूढ आहे. मात्रा आणि ‘हे औषध, सिरिंज व सुयांसह, सतत मुलाजवळ असणे आवश्यक आहे’ हे वाक्य त्यात हवे. औषध मूळ खोक्यातच, बिलासह असू द्यावे. मधल्या विमानतळावर पुन्हा तपासणी होते. तेव्हा आपणहून आधी सांगितले, तर प्रश्न कमी येतात.

आसनावर बसल्यावर ही पिशवी डोक्यावरच्या कप्प्यात न ठेवता समोरच्या आसनाखाली ठेवावी. पट्टा बांधण्याची सूचना असताना उठून वरचा कप्पा उघडता येत नाही. कुटुंबाला वेगवेगळ्या रांगांत जागा मिळाली, तर औषध मुलाशेजारी बसलेल्या मोठ्या माणसाकडेच असावे. बाबा पाच रांगा मागे आणि इंजेक्शन त्यांच्या खिशात, असे होता कामा नये.

तोंडात काय जाते?

औषधापेक्षाही मोठे संरक्षण म्हणजे तो पदार्थ पोटात न जाणे. जुलै २०१६ मध्ये लंडनहून नीसला निघालेली पंधरा वर्षांची नताशा एडनान-लापरूस विमानतळावर घेतलेला पाव खाऊन विमानातच कोसळली. पावाच्या पिठात तीळ मळलेले होते आणि वेष्टनावर त्यांचा उल्लेख नव्हता. वडिलांनी दोन पेने वापरली. तरीही ती वाचली नाही. तिच्या नावाने ओळखला जाणारा ब्रिटनमधील कायदा ऑक्टोबर २०२१ पासून लागू झाला. विक्रीच्या ठिकाणीच तयार करून वेष्टनात ठेवलेल्या पदार्थांवरही संपूर्ण घटक लिहिणे त्याने बंधनकारक केले.

आपल्या संदर्भात एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. ‘शाकाहारी’ किंवा ‘जैन’ जेवण म्हणजे काजू-शेंगदाण्याविना जेवण नव्हे. पनीरच्या दाट रश्श्यात बहुधा काजूच असतो. सहप्रवासी मायेने चिक्की किंवा लाडू पुढे करतात. ‘‘यात शेंगदाणे नाहीत’’ म्हणणाऱ्याच्या कोशिंबिरीत कूट असते, कारण कूट म्हणजे शेंगदाणेच हे त्याच्या ध्यानीही येत नाही. म्हणून विमानात मुलाला घरचा डबाच द्यावा. तिकीट काढताना कंपनीला आणि विमानात चढताना कर्मचाऱ्यांना अ‍ॅलर्जीची कल्पना द्यावी. समोरचा ट्रे, हातकठडे आणि पट्ट्याचे बक्कल ओल्या वाइपने पुसून घ्यावे व खाण्यापूर्वी मुलाचे हात धुवावेत. खरा धोका हवेतल्या वासापेक्षा पृष्ठभागावरून बोटांना आणि बोटांवरून तोंडात जाणाऱ्या कणांचा असतो.

वेळ आलीच तर

नको तो पदार्थ खाल्ल्याची शंका असेल आणि श्वास, आवाज किंवा शुद्धीत फरक जाणवला, तर आधी इंजेक्शन द्यावे. हाक मारणे त्याच वेळी किंवा नंतर. ते पातळ कपड्यावरूनही देता येते. ‘‘चुकून दिले तर?’’ हा प्रश्न प्रत्येक आई विचारते. योग्य मात्रा मांडीत दिली, तर निरोगी मुलाला काही काळ धडधड, थरथर, अस्वस्थता जाणवते आणि ती शमते. उशिराची भरपाई मात्र कशानेच होत नाही.

मुलाला आडवे करून पाय उंच ठेवावेत. श्वास लागत असल्यास पाय लांब करून बसवावे. त्याला उभे करू नये. उलटी येते म्हणून मुलाला हाताला धरून स्वच्छतागृहाकडे नेण्याची चूक सर्रास होते. उतरलेल्या रक्तदाबात एकाएकी उभे राहणे प्राणघातक ठरू शकते. उलटी आसनावरच, कागदी पिशवीत होऊ द्यावी. कर्मचाऱ्यांना ‘अ‍ॅनाफायलॅक्सिस’ हा शब्द स्पष्ट सांगावा आणि इंजेक्शन दिल्याची वेळ लिहून ठेवावी. ते ऑक्सिजन आणतील, विमानात डॉक्टर आहेत का विचारतील, जमिनीवरील वैद्यकीय सल्ला घेतील. मूल सावरले तरी उतरल्यावर रुग्णालयात न्यावेच. काही तासांनी लक्षणे पुन्हा उलटू शकतात.

त्या आईने बॅग पुन्हा भरली. जूनमध्ये ते परतले. इंजेक्शन वापरावे लागले नव्हते. मात्र बाबांनी कुपी फोडण्याचा सराव केला होता, मावशीही शिकली होती, आणि जाता-येता ती लाल पिशवी मुलानेच गळ्यात अडकवून सांभाळली होती. ‘‘एवढे सगळे केले आणि काहीच झाले नाही,’’ आई हसून म्हणाली.

मी कुपीवरची तारीख पाहिली. तीन महिने उरले होते. नवीन कुपीची चिठ्ठी लिहून दिली.