पाड्याचा आराखडा, दिल्लीचा निधी

जव्हार आणि मोखाडा या पालघर जिल्ह्यातील दोन डोंगरी तालुक्यांत घर, पाणी, रस्ता आणि गटार यांसाठी केंद्र सरकारकडून येणारा पैसा एकाच वाटेने येत नाही, आणि तो कोणत्या वाटेने आला यावरच त्याचे नियोजन कोणी, केव्हा आणि कोणाला विचारून करायचे हे ठरते. अमेरिकेत १९७४च्या गृहनिर्माण व समुदाय विकास कायद्याने अनेक लहान योजना मोडून शहरांना एकगठ्ठा अनुदान देण्याची पद्धत आणली. त्या बदल्यात शहराला तीन ते पाच वर्षांचा एकत्रित आराखडा आणि दरवर्षीचा कृती आराखडा करावा लागतो, आणि त्याचा मसुदा किमान ३० दिवस नागरिकांच्या सूचनांसाठी खुला ठेवावा लागतो. भारतात मात्र घरांचा पैसा योजनेच्या चौकटीत बांधलेला येतो आणि गावाच्या सोयींचा पैसा बव्हंशी वित्त आयोगाकडून येतो, त्यामुळे एकाच पाड्यातील घर आणि त्या घरापर्यंतचे पाणी यांचे हिशेब वेगवेगळ्या दप्तरांत राहतात.

२०१६मध्ये सुरू झालेल्या ग्रामीण प्रधानमंत्री आवास योजनेत खर्चाचा ६० टक्के वाटा केंद्राचा आणि ४० टक्के राज्याचा असतो. सपाट भागात १ लाख २० हजार आणि डोंगराळ वा दुर्गम ठरवलेल्या भागात १ लाख ३० हजार रुपये, शौचालयासाठी वेगळे १२ हजार आणि रोजगार हमीतून ९० ते ९५ दिवसांच्या मजुरीची जोड, अशी तिची मूळ रचना आहे. लाभार्थ्यांची पहिली यादी २०११च्या सामाजिक, आर्थिक व जातनिहाय सर्वेक्षणातून निघाली आणि ती तपासण्याचे काम ग्रामसभेकडे, म्हणजे गावातील सर्व मतदारांच्या सभेकडे, देण्यात आले. जव्हार नगर परिषद आणि मोखाडा नगर पंचायत यांच्या हद्दीत हीच योजना शहरी रूपात चालते.

या योजनेतील घर किमान २५ चौरस मीटरचे असावे लागते आणि त्यातच स्वयंपाकाची जागा धरलेली असते. वारली किंवा कोकणा कुटुंबाचे जुने घर कारवीच्या काठ्यांचा कूड उभारून, त्यावर शेणमाती लिंपून बांधलेले असते. त्यात भाताची कणगी, कोंबड्यांचे खुराडे आणि शेतीची अवजारे यांनाही जागा असते. २५ चौरस मीटरच्या सिमेंटच्या खोलीत या वस्तू मावत नाहीत, म्हणून पक्क्या घराला लागून कुडाची पडवी पुन्हा उभी राहते. ती पडवी हा घराचा आराखडा कोणाच्या गरजेतून आखला गेला याचा सर्वांत बोलका पुरावा आहे.

पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२२पासून स्थानिक संस्थांना दिलेल्या अनुदानाचा ६० टक्के भाग बंधित होता, म्हणजे तो फक्त पाणी आणि स्वच्छतेवरच खर्च करता येत होता, आणि उरलेला ४० टक्के अबंधित. महाराष्ट्रात या पैशाचा ८० टक्के वाटा ग्रामपंचायतीला आणि प्रत्येकी १० टक्के पंचायत समितीला व जिल्हा परिषदेला देण्यात आला. त्यासाठी ‘आमचं गाव, आमचा विकास’ या नावाने ग्रामपंचायतीचा विकास आराखडा करावा लागतो. पावसाळ्यात अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलूनही उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या या तालुक्यांत पाण्याला बांधलेला निधी ही अडचण नाही. अडचण आहे ती विहीर नेमकी कोणत्या पाड्यात घ्यायची, हे ठरवण्याची.

येथील एक ग्रामपंचायत म्हणजे दऱ्या-टेकड्यांवर विखुरलेले अनेक पाडे. सभा मुख्य गावात भरते, आणि डोंगर उतरून तेथे येणे ज्यांना जमते त्यांचीच मागणी इतिवृत्तात उतरते. अनुसूचित क्षेत्रांसाठीच्या १९९६च्या पेसा कायद्याने गावाची व्याख्याच वस्ती किंवा पाडा अशी केली, आणि महाराष्ट्राच्या २०१४च्या नियमांनुसार पाड्याने ठराव करून मागणी केल्यास, ठरलेल्या चौकशीनंतर त्याला स्वतंत्र गाव म्हणून मान्यता मिळू शकते व त्याची स्वतःची ग्रामसभा भरू शकते. त्यापाठोपाठ राज्याने आदिवासी उपयोजनेतील ५ टक्के निधी अनुसूचित क्षेत्रातील ग्रामपंचायतींना थेट देण्याचा निर्णय घेतला. हा पैसा राज्याचा असला, तरी पाड्याने आपल्या गरजा स्वतः ठरवाव्यात हे तत्त्व त्यातच सर्वांत स्पष्ट उमटले आहे, आणि केंद्राच्या अनुदानालाही तेच लावायला हवे.

कातकरी समाजापुढे प्रश्न त्याहून मूलभूत आहे. १५ नोव्हेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री जनमन अभियानात अतिअसुरक्षित आदिवासी समूहांना घरासाठी २ लाख रुपये मिळतात आणि महाराष्ट्रात कोलाम व माडिया गोंड यांच्याबरोबर कातकरी त्यात मोडतात. पण पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या जमिनीवर झोपडी बांधून राहिलेल्या कुटुंबाला रक्कम मंजूर होते, तेव्हा पायाभरणीसाठी स्वतःच्या नावाची जागाच नसते. म्हणून जागेचा ठराव घराच्या यादीआधी झाला पाहिजे.

वेळापत्रकाची अडचण तर सर्वच पाड्यांची आहे. आराखड्याची मोहीम २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून पुढे चालते. तेव्हा हळवा भात कापणीला आलेला असतो, आणि दिवाळीनंतर असंख्य कुटुंबे वसई, भिवंडी, ठाण्याकडे वीटभट्ट्यांवर व बांधकामांवर ‘जगायला’ जातात. हिवाळा-उन्हाळा हाच घरबांधणीचा हंगाम असल्याने पाया, जोते आणि छप्पर यांची छायाचित्रे टप्प्याटप्प्याने नोंदवून पुढचा हप्ता मिळवायचा, त्या महिन्यांत घरमालक दुसऱ्याच्या घरासाठी विटा थापत असतो. आवणी उरकल्यानंतर श्रावणात मात्र पाड्यावर जवळजवळ सगळी माणसे असतात. याद्यांची तपासणी, विहिरीची जागा आणि घरांचा क्रम ठरवणारी सभा त्या दिवसांत, पाड्यावरच भरवण्यास कायद्याची कोणतीही आडकाठी नाही.