बिजलीची खांदेमळण

"माणसाचे पाय दाबायला कोणी नाही, अन् तू कुत्रीला मालिश करायलीस व्हय?" आजीनं ओट्यावरून विचारलं. मी काही बोलले नाही. कारण माझा एक हात बिजलीच्या मानेवर होता आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्यावर पट्टी होती. ती पट्टी कशी आली ते पुढं सांगतेच.

बिजली आमची कारवान कुत्री. वय वर्षं नऊ. आजोबांनी तिला पिल्लू असताना जानवळहून आणलं. चाकूर तालुक्यातलं हे गाव कारवान कुत्र्यांसाठी ओळखलं जातं, हे लातूरकरांना सांगायची गरज नाही. लांब तोंड, आत गेलेलं पोट, काटकुळे पाय. पाहुणे पहिल्यांदा बघतात तेव्हा हमखास विचारतात, "हिला खायला देत नाही का?" पण शेतात रानडुक्कर दिसलं की हीच बया बाणासारखी सुटायची. नावच त्यामुळं पडलं.

मागच्या हिवाळ्यात मी सुट्टीत घरी गेले, तर बिजली फाटकापर्यंत आलीच नाही. उठायला तीन-तीनदा जोर लावायची, मागचे पाय थरथरायचे, मग पुन्हा बसायची. ओट्यावर उडी मारणं तर केव्हाच बंद झालं होतं. पप्पा म्हणाले, "म्हातारी झाली. आता नवीन पिल्लू आणावं लागंल." पप्पा दुष्ट नाहीत. राखणीच्या कुत्र्याचा हिशेब शेतकरी असाच करतो. पण नवीन पिल्लू आलं की बिजलीची जागा कुठं, हे कुणी बोललं नाही, आणि मला रात्रभर झोप लागली नाही.

मग मी तेच केलं जे आपण सगळे करतो. मोबाइल काढला. परदेशातल्या एका गुबगुबीत लॅब्रॅडॉरला कुणीतरी मागच्या पायांवर दणादण मालिश करतंय आणि तो डोळे मिटून पडलाय, असं एक रील सापडलं. दुसऱ्या दिवशी खोबरेल तेल कोमट केलं आणि बिजलीच्या खुब्यावर अंगठे रोवले. ती कळवळली, गुरगुरली. मी थांबले नाही. तिसऱ्या वेळी तिनं माझा अंगठा धरला.

नऊ वर्षांत ती घरातल्या कुणाला चावली नव्हती. तिचं लसीकरण झालेलं होतं, तरी जखम पंधरा मिनिटं साबण लावून वाहत्या पाण्याखाली धुतली आणि दवाखान्यात जाऊन इंजेक्शनं घेतली. हे टाळू नका, कुत्रं कितीही घरचं असलं तरी.

पण खरी चूक अंगठ्याची नव्हतीच. मी दोन दिवस मालिशच्या नादात घालवले आणि तिला ताप होता. पशुवैद्यकांनी थर्मामीटर लावलं तेव्हा कळलं. कुत्र्याचं नेहमीचं तापमान साधारण १०१ ते १०२.५ फॅरेनहाइट असतं, म्हणजे आपल्यापेक्षा जास्तच. हात लावून अंदाज येत नाही, नाक गरम की गार यावरूनही नाही. रक्त तपासलं, गोचीड ताप निघाला. गोचिडांमधून येणाऱ्या या आजारात सांधे दुखतात, कुत्रं लंगडतं, उठत नाही. म्हणजे मी ज्याला म्हातारपण समजून चोळत होते, तो आजार होता. आणखी आठवडा घालवला असता तर काय झालं असतं, हे डॉक्टरांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

गोळ्या महिनाभर चालल्या. ताप गेला, खाणं वाढलं. पण मागच्या पायांचा ताठरपणा थोडा राहिलाच. एक्स-रेमध्ये खुब्याचे सांधे झिजलेले दिसले. मग मीच दबकत विचारलं, मालिश चालेल का? मला वाटलं हसतील. ते म्हणाले, आता चालेल, पण मी दाखवतो तसं.

त्यांनी जे समजावलं ते मला कुठल्याच रीलमध्ये मिळालं नव्हतं. मागचे पाय दुखतात म्हणून कुत्रं वजन पुढच्या पायांवर टाकतं. त्यामुळं खांदे, मान आणि पाठ यांचे स्नायू सतत ताणलेले राहतात. दुखणं खुब्यात, पण थकतात खांदे. मालिशनं झिजलेला सांधा भरून येत नाही. हे जो कोणी सांगेल तो थापा मारतोय. पण भोवतालचे आखडलेले स्नायू सैल होतात, तिथला रक्तपुरवठा सुधारतो, आणि चालणं थोडं सोपं होतं. म्हणून सुरुवात दुखऱ्या जागेपासून नाही, मानेपासून करायची. अंगठे नाही, उघडा तळहात. केसांच्या दिशेनं, सावकाश, आपण पोराला झोपवताना पाठीवरून फिरवतो तेवढ्याच दाबानं. कारवानच्या अंगावर चरबी नावाला असते आणि कातडी पातळ, त्यामुळं कण्यावर, बरगड्यांवर, खुब्याच्या हाडावर दाब द्यायचाच नाही. दहा मिनिटं पुरे. मग लगेच बसू न देता अंगणात एक-दोन फेऱ्या.

आणि कुत्रं कधी "बास" म्हणतंय ते बघायचं. ओठ चाटणं, तोंड फिरवणं, अंग ताठ करणं, डोळ्यांचा पांढरा भाग दिसणं. बिजलीनं मला हे सगळं त्या दिवशी आधी सांगितलं होतं. मला ती भाषा येत नव्हती.

तेलाचंही ऐका. कुत्रं अंगावरचं सगळं चाटतं, म्हणून तेल लागतच नाही, कोरडा हात चालतो. आपला बाम तर अजिबात लावू नका. त्यातला कापूर पोटात गेला तर कुत्र्याला विषबाधा होऊ शकते. आपल्या अंगदुखीच्या गोळ्याही नाहीत, आयब्युप्रोफेन कुत्र्यांच्या पोटाला आणि किडनीला घातक आहे. ताप, ताजी जखम, सूज, गाठ, मोडलेलं हाड, खरूज, यातलं काहीही असेल तर हात लावण्याआधी डॉक्टर. लातूर जिल्ह्यात उदगीरला तर अख्खं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, आपल्याला गरज पडेपर्यंत त्याची आठवण होत नाही एवढंच.

हे सगळं शास्त्र आहे की नुसती हौस, असं तुम्ही विचाराल. अभ्यास फार नाहीत. ब्रिटनमध्ये २०२१ साली ५२७ कुत्र्यांच्या नोंदींवरचा एक अभ्यास 'व्हेटरिनरी रेकॉर्ड'मध्ये आला. त्यात मालिशनंतर वेदना कमी झाल्याचं दिसलं. पण मालिश न केलेल्या कुत्र्यांशी तुलना त्यात नव्हती, त्यामुळं लगेच नाचायला नको. औषधाच्या जोडीला, एवढीच त्याची जागा. दक्षिण आफ्रिकेत २००३ मध्ये झालेल्या एका अभ्यासात मात्र मजेशीर गोष्ट दिसली. कुत्र्याला प्रेमानं कुरवाळलं की ऑक्सिटोसिन हे संप्रेरक कुत्र्यातही वाढतं आणि कुरवाळणाऱ्या माणसातही. परीक्षेच्या दिवसांत हॉस्टेलच्या पायरीवर कुत्र्याजवळ बसून राहणाऱ्या पोरांना हे वेगळं सांगायला नको. (अनोळखी कुत्र्याला मालिश मात्र करू नका. बिस्किटावरची मैत्री वेगळी, खुबा दाबणं वेगळं.)

माळेगावच्या यात्रेत गेलात तर घोड्यांना खरारा करणारी माणसं बघा. तिथं श्वानांचंही प्रदर्शन भरतं. खरारा म्हणजे नुसती साफसफाई नसते, मालकाचा हात रोज घोड्याच्या अंगावरून फिरतो आणि कुठं सूज, कुठं गाठ, हे त्याला आपोआप कळतं. मला मालिशचा सगळ्यात मोठा फायदा हाच वाटतो. मागच्या महिन्यात बिजलीच्या काखेत दोन गोचीड सापडले, ते मालिश करतानाच. या वेळी लगेच काढले.

आजीच्या प्रश्नाचं उत्तर शेवटी आजोबांनी दिलं. म्हणाले, "पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाच्या खांद्याला हळद-लोणी कोण चोळतं? तूच की. वर दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतण पण देतीस. वर्षभर जू वाहिलं म्हणून त्याची खांदेमळण. मग हिनं नऊ वर्षं रान राखलं त्याचं काय?" आजी काही बोलली नाही. उठून आत गेली आणि जुनी गोधडी आणून बिजलीच्या अंगाखाली टाकली. सिमेंटच्या गार फरशीवर हाडं दुखतात, हे तिला स्वतःच्या गुडघ्यांमुळं माहीत होतं.

बिजली आता ओट्यावर उडी मारत नाही, मारणारही नाही. पप्पांनी दोन विटा लावून पायरी केलीय. सकाळी बहुतेक वेळा ती पहिल्याच प्रयत्नात उठते, थंडी जास्त असली की दुसऱ्या. मी नांदेडला असते तेव्हा मालिश आजोबा करतात. नवीन पिल्लूही आलंय, जानवळचंच. दिवसभर बिजलीच्या शेपटीला लोंबकळतं, आणि मालिशच्या वेळी स्वतःही मांडीत येऊन उताणं पडतं.