तांब्याचा पाइप घडी न पडता कसा वाकवायचा? आणि जीआय पाइप का वाकवायचा नाही?

रीलमध्ये हे काम अर्ध्या मिनिटाचं दिसतं. पाइपमध्ये वाळू भरली, दोन्ही टोकं ठोकून बंद केली, गॅसचा टॉर्च मारला आणि पाइप झकास वळला. चंदगडमध्ये पावसाळ्यात हे जसंच्या तसं करायला जाऊ नका. जून ते सप्टेंबर इथली वाळू कोरडी दिसली तरी आतून दमट असते. बंद पाइपमध्ये ती तापली की पाण्याची वाफ होते, वाफेला बाहेर पडायला जागा नसते आणि टोकाचं बूच गोळीसारखं सुटतं. तेव्हा वाळूचं नंतर बघू. आधी पाइप चेपतो का, ते समजून घेऊ.

पाइप वाकतो तेव्हा वळणाची बाहेरची बाजू ताणली जाते आणि आतली दाबली जाते. बाहेरची भिंत ताण कमी करण्यासाठी आत सरकू पाहते. पाइप पोकळ असल्यामुळे तिला अडवणारं काही नसतं. म्हणून गोल पाइप आधी लंबगोल होतो आणि मग आतल्या बाजूला घडी पडते. ताण किती बसेल हे साध्या हिशोबाने कळतं: पाइपचा बाहेरचा व्यास भागिले वळणाच्या त्रिज्येची दुप्पट. १२.७ मिमीचा पाइप ५० मिमी त्रिज्येत वळवला तर बाहेरची बाजू साधारण १२.७ टक्के ताणली जाते. त्रिज्या २५ मिमी घेतली की हाच ताण २५ टक्क्यांवर जातो. म्हणून त्रिज्या व्यासाच्या ३ ते ४ पट ठेवायची, त्याहून आवळ वळण हवं असेल तर सरळ एल्बो लावायचा.

एवढा खटाटोप कशाला? कारण स्लॅबवरच्या टाकीचा दाब फार नसतो. १ मीटर उंचीला जेमतेम ०.१ किलो प्रति चौरस सेंटीमीटर. टाकी नळापेक्षा अडीच मीटर वर असेल तर पाव किलो. सोलरचं गरम पाणी एवढ्याच जोरावर बाथरूमपर्यंत यायचं असतं, आणि वाटेत एक चेपलेलं वळण आलं की शॉवरची धार बारीक होते. मोठ्या त्रिज्येचं गुळगुळीत वळण एल्बोपेक्षा पाण्याला कमी अडवतं, शिवाय गळायला दोन जोड कमी.

आधी पाइप ओळखा

घरातला राखाडी-चंदेरी जीआय पाइप वाकवायचा नाही, थंड नाही आणि गरमही नाही. त्याच्यावरचा जस्ताचा थर वाकवताना तडकतो आणि तिथूनच गंज सुरू होतो. टॉर्च मारला तर आणखी वाईट. जस्त ४२० अंशांच्या आसपास वितळतं, ९०७ अंशांना उकळतं, आणि त्याचा धूर छातीत गेला की काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो. जीआयला आटे पाडा, एल्बो लावा, विषय संपला.

वाकवायचा तो मऊ तांब्याचा पाइप, जो गुंडाळी करून मिळतो. ताम्रपर्णीच्या काठावर राहत असलो तरी हार्डवेअरच्या दुकानात तांब्याचा पाइप सहसा दिसत नाही. फ्रिज-एसीचं सामान विकणाऱ्याकडे विचारा. इथे एक घोळ होतो. एसीवाल्याचा ‘अर्धा इंच’ म्हणजे बाहेरून मोजलेले १२.७ मिमी. जीआयचा ‘अर्धा इंच’ हे फक्त नाव, तो बाहेरून २१.३ मिमी भरतो. वाकवायची स्प्रिंग घेताना पाइपचा तुकडा सोबत न्या, नाव सांगून मागू नका.

तांबं मऊ का असतं आणि कडक कसं होतं, हे पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. पत्रा ठोकत गेलं की तो कडक होत जातो, तापवला की परत मऊ होतो. बंबावर किंवा घागरीवर शेवटी हातोडीचे ठसे उठवतात ते मठारकाम, त्याने शोभा येतेच आणि भांडं घट्टही होतं. पाइपलाही हाच नियम लागू. एकदा वाकवलेली जागा कडक होते, म्हणून चुकलं की सरळ करून पुन्हा वाकवता येत नाही. इथे अनडू बटण नाही. ती जागा फिकट लाल दिसेपर्यंत तापवली तर मात्र परत मऊ होते. गंमत म्हणजे नंतर पाण्यात बुडवा नाहीतर तसंच गार होऊ द्या, तांब्याला फरक पडत नाही. पोलादाचं असं नसतं.

प्रत्यक्ष काम

कापायच्या आधी वाकवा, कारण आखूड तुकड्याला हातात धरायला जागा उरत नाही. ९० अंशांच्या वळणासाठी लागणारी लांबी त्रिज्येच्या १.५७ पट. त्रिज्या ५० मिमी असेल तर सुमारे ७९ मिमी. भिंतीचा कोपरा धरून टेपने मोजलं तर तेवढ्याच भागात १०० मिमी भरतात. म्हणजे दर वळणाला २१ मिमी पाइप जास्तीचा उरतो. वळण कोपऱ्याच्या ५० मिमी आधी सुरू करायचं, तिथे मार्करने खूण करा.

स्प्रिंगला तेलाचा हात लावा आणि आत सरकवा, खोल जाणार असेल तर मागे दोरी बांधा. पाइपच्या मधोमध वळण हवं असेल तर बाहेरून बसणारी स्प्रिंग मिळते. मग गुडघ्यावर जाड फडकं ठेवून दोन्ही हातांनी थोडं-थोडं वाकवायचं, जागा जराशी सरकवत. एकाच ठिकाणी जोर लावला की घडी पडलीच. हव्या कोनापेक्षा दोन-तीन अंश जास्त वाकवून किंचित मागे घ्या, त्याने आवळलेली स्प्रिंगही सैल होते. तरी अडकली तर पीळ देत ओढा. कोन तपासायला फोनमधलं लेव्हल ॲप पुरतं. फोनची लांब कड आधी एका बाजूला आणि मग दुसऱ्या बाजूला टेकवून दोन आकड्यांतला फरक बघा.

स्प्रिंग मिळालीच नाही तर वाळू. पण क्रम उलटा: पाइप कडक असेल तर तो रिकामा आणि दोन्ही टोकं उघडी असतानाच तापवा, पूर्ण गार होऊ द्या. वाळू तव्यावर खडखडीत भाजून गार करा. मग ठासून भरा, टोकांना लाकडी बूच मारा आणि थंडच वाकवा. बूच मारल्यावर आच लावायची नाही. नंतर पाइप भरपूर पाण्याने धुवा, नाहीतर कण नळाच्या वायसरमध्ये जाऊन बसतात.

जोडताना तांबं आणि जीआय थेट जोडू नका, मध्ये पितळी फिटिंग घ्या. पाणी आधी जीआयमधून आणि मग तांब्यातून गेलेलं बरं. उलट झालं तर तांब्याचे सूक्ष्म अंश पुढच्या जस्तावर बसून जीआय आतून लवकर खातात. आणि स्वयंपाकाच्या गॅसची लाइन या कामातून पूर्ण बाहेर ठेवा, त्यासाठी एजन्सीच्या माणसालाच बोलवा.