तंबू ठरल्या जागीच

अमेरिकेतल्या टाहो सरोवराच्या कॅलिफोर्नियाकडच्या काठाला डी. एल. ब्लिस आणि एमरल्ड बे ही दोन राज्य उद्यानं एकमेकांना लागून आहेत. तिथे मुक्काम करायचा तर जागा आधी राखून ठेवावी लागते, आणि मिळते ती क्रमांक घातलेली. गाडीपुरता रस्त्याचा एक फाटा, त्याच्या कडेला गाडी पुढे जाऊ नये म्हणून ठेवलेले धोंडे. पलीकडे चार माणसांनाही सहज हलवता येणार नाही असं जड टेबल, शेकोटीसाठी जमिनीत पक्कं केलेलं लोखंडी कडं, अस्वलाला उघडता येणार नाही अशी पोलादी पेटी, आणि तंबूपुरती सपाट, गवताचं पातंही नसलेली माती. रानात राहायच्या ओढीने आलेला माणूस हे पाहून हिरमुसतो. झाडाखाली, पाण्याच्या अगदी जवळ, मनाला येईल तिथे तंबू ठोकता आला असता तर किती बरं, असं त्याला वाटतं. हे वाटणं अगदी स्वाभाविक आहे. पण काठावरचं रान टिकून आहे ते बऱ्याच अंशी या उजाड, आखून दिलेल्या तुकड्यांमुळेच, असं मला ठामपणे वाटतं.

त्याचं कारण मातीत आहे. जंगलातली माती भुसभुशीत असते. तिच्या कणांमधल्या पोकळ्यांतून पाणी खाली मुरतं आणि मुळांना हवा मिळते. तंबूखाली, टेबलाभोवती, शेकोटीकडे जाता-येता पाय पडत राहिले की वरचा पालापाचोळ्याचा थर आधी चुरडतो, मग निघून जातो, आणि खालची माती धुमसाने चोपल्यासारखी दबते. मग पावसाचं किंवा वितळलेल्या बर्फाचं पाणी मुरत नाही, वरून वाहतं आणि जाताना बारीक कण उचलून नेतं. आपल्याला वाटतं की हे नुकसान माणसांच्या संख्येच्या प्रमाणात हळूहळू वाढत असेल. प्रत्यक्षात तसं होत नाही. डेव्हिड कोल यांच्यासारख्या अभ्यासकांनी अमेरिकेतल्या अरण्यांमध्ये मुक्कामाच्या जागा वर्षानुवर्षं मोजल्या, कोऱ्या जागांवर मुद्दाम तंबू ठोकूनही पाहिलं. दिसलं ते असं की नाजूक झाडोऱ्यावर एका रात्रीच्या मुक्कामाची खूणही राहते. बहुतेक हानी पहिल्या थोड्या मुक्कामांतच होऊन जाते आणि त्यानंतर ती वाढण्याचा वेग मंदावतो. भरून येण्याची गती मात्र फार धीमी. उंचावरच्या थंड प्रदेशात, जिथे झाडांना वाढायला वर्षातले थोडेच महिने मिळतात, तिथे काही रात्रींत मोडलेला झाडोरा उभा राहायला वर्षं लागतात. हा हिशेब एकदा ध्यानात आला की पुढचं उमगायला वेळ लागत नाही: शंभर कुटुंबं शंभर ठिकाणी उतरली तर शंभर जखमा होतात, आणि तीच कुटुंबं आळीपाळीने दहा ठिकाणी उतरली तर फार तर दहाच.

ही दृष्टी रुजवण्यात एमिलिओ माइनेके या वनस्पतिरोगतज्ज्ञाचा मोठा वाटा आहे. 1920च्या दशकात मोटार स्वस्त झाली आणि लोक थेट झाडाच्या बुंध्याशी गाडी लावून तिथेच पथारी पसरू लागले. कॅलिफोर्नियातल्या प्रचंड रेडवुड वृक्षांवर या वर्दळीचा काय परिणाम होतो हे त्यांना तपासायला सांगितलं गेलं, तेव्हा त्यांनी बोट ठेवलं ते दबलेल्या मातीवर आणि तिच्याखाली गुदमरणाऱ्या मुळांवर. 1930च्या दशकात त्यांनी मांडलेला आराखडा आजही जगभर वापरात आहे: एकेरी वळणाचा रस्ता, त्याला फुटणारे गाडीपुरते फाटे, आणि प्रत्येक फाट्याजवळ हलवता न येणारं टेबल व चूल. त्या दशकातल्या मंदीत बेकार तरुणांना काम देणाऱ्या सरकारी योजनेतून अशा कितीतरी जागा प्रत्यक्ष उभ्या राहिल्या. मला या आराखड्यातली सर्वांत मोलाची वाटते ती माणसाच्या स्वभावाची जाण. पाट्या लावून, दंडाची भीती घालून कुणी फार काळ ऐकत नाही. पण धोंडा असला की गाडी थांबते, टेबल जिथे आहे तिथेच स्वयंपाक होतो, आणि शेकोटी जिथे आहे तिच्याभोवतीच माणसं बसतात. पूर्व अमेरिकेत डेलावेअर नदीकाठच्या मुक्कामाच्या जागांची 1980च्या दशकात पाहणी झाली. नंतर काही जागा बंद केल्या, उरलेल्यांत शेगड्या जमिनीत पक्क्या बसवल्या. 1991 साली पुन्हा मोजलं तेव्हा एकूण उजाड क्षेत्र निम्म्यावर आलं होतं. शेगडीने माणसांना मधोमध धरून ठेवलं आणि कडेची जमीन सावरली.

टाहोच्या बाबतीत मातीचे हे बारीक कण आणखी एका कारणाने महत्त्वाचे आहेत. 500 मीटरहून खोल असलेलं हे सरोवर नितळपणासाठी प्रसिद्ध. पांढरी तबकडी पाण्यात सोडून ती किती खोलवर दिसते याची नियमित मोजणी 1968पासून होते. तेव्हा ती सुमारे 31 मीटरपर्यंत दिसे, अलीकडच्या वर्षांत 20 मीटरच्या आसपासच. गढूळपणाचा मोठा दोष शहरी भागातून आणि रस्त्यांवरून वाहून येणाऱ्या कणांचा आहे, तंबूवाल्यांचा नव्हे, हे स्पष्ट सांगायला हवं. पण जे सरोवर मातीच्या कणाकणाने धूसर होतंय, त्याच्या उतारावर नवी उघडी माती तयार करायची मोकळीक कुणालाच देता येणार नाही.

शेकोटीचंही तेच. कॅलिफोर्नियाच्या राज्य उद्यानांत पडलेली लाकडंही गोळा करू देत नाहीत, कारण कुजणारं लाकूड हेच पुढच्या झाडांचं खत आणि असंख्य किड्यांचं घर. जाळ फक्त कड्यातच, आणि वणव्याचा धोका वाढला की तोही बंद. ज्यांना हा जाच वाटतो त्यांनी अँगोरा वणवा आठवावा. जून 2007मध्ये साउथ लेक टाहो गावाजवळ कुणीतरी परवानगी नसलेल्या जागी पेटवलेली शेकोटी नीट न विझवता सोडून दिली. तिच्यातून भडकलेल्या आगीने 3,000 एकरांहून अधिक जंगल आणि अडीचशेहून जास्त घरं गिळली.

या सगळ्यावर एक आक्षेप खरोखर वजनदार आहे. टाहो ही वाशो लोकांची भूमी. हजारो वर्षं ते उन्हाळ्यात याच काठांवर मुक्कामाला येत, क्रमांक आणि आरक्षण नसतानाही रान राहिलंच ना? राहिलं, पण ते लोक संख्येने थोडे होते, आणि पिढ्यान् पिढ्यांच्या ओळखीतून त्यांना जमिनीची सोसण्याची ताकद ठाऊक होती. त्यांना हुसकावणाऱ्यांनी पुढे खाणींच्या लाकडासाठी या काठावरची झाडं बेसुमार तोडली, डी. एल. ब्लिस हे स्वतः त्या लाकूडधंद्यातलं बडं नाव, आणि उद्यानाची जमीन 1929मध्ये त्यांच्याच कुटुंबाने दान दिली. आज दर उन्हाळ्यात येणाऱ्या लोंढ्यापैकी कुणालाही ती जुनी ओळख नाही. तिची जागा धोंड्याने आणि लोखंडी कड्याने घेणं ही भरपाई नव्हे, तरी मोकळं सोडून देण्यापेक्षा ते बरं. दुसरा आक्षेप आरक्षणाचा: सहा महिने आधी जागा पटकावतात त्या सुट्ट्या आधी ठरवता येणाऱ्या लोकांनीच. हे खरं आहे आणि अन्यायाचं आहे. त्यावर उपाय मात्र सोसणाऱ्या जमिनीवर आणखी आखीव जागा करणं, काही जागा आयत्या वेळी येणाऱ्यांसाठी राखणं हा आहे. आणि ज्याला निव्वळ रान हवं त्याला ब्लिसपासून एमरल्ड बेपर्यंत पाण्याच्या कडेकडेने जाणारी रुबिकॉन पायवाट आहेच. ती दोन्ही बाजूंनी हिरवी आहे, कारण तिच्या कडेला मनाला येईल तिथे तंबू ठोकता येत नाहीत.

लोहगड, तुंग, तिकोन्याच्या पायथ्याशी पवना धरणाच्या काठावर तंबूंच्या रांगा पाहिलेल्यांना हा प्रश्न परका वाटणार नाही. तिथली परिस्थिती वेगळी आहे: तंबू बहुधा शेतकऱ्यांच्या खासगी जमिनीत असतात, त्यावर त्यांचं पोट आहे, आणि उन्हाळ्यात पाणी ओसरलं की काठच पुढे सरकतो. ओसरलेल्या गाळावर मांडलेला तंबू पाण्याजवळ असतो खरा, पण तिथला कचरा, राख आणि सांडपाणी पहिल्या पावसात थेट जलाशयात जातं, आणि हेच पाणी पिंपरी-चिंचवडकर पितात. तेव्हा टाहोची नक्कल करायची नाही. पण धरण पूर्ण भरल्यावर पाणी जिथवर येतं त्या रेषेच्या वर मुरूम टाकून पक्क्या केलेल्या जागा, जमिनीत बसवलेल्या शेगड्या आणि त्या रेषेपासून लांब बांधलेली शौचालयं एवढं गावाने, शेतकऱ्यांनी आणि जलसंपदा खात्याने मिळून ठरवलं तर धंदाही राहील आणि काठही.