दुर्मिळ तरंगलांबीचे लेसर : रंगनाम, अंक आणि खर्च

लेसरचा प्रकाश एकवर्णी असतो, असे सामान्यतः सांगितले जाते. या विधानातील 'वर्ण' हा शब्द मात्र व्यवहारातील रंगनामाहून पुष्कळच काटेकोर अर्थाने घ्यावा लागतो. 'हिरवा' या एका शब्दात ५१४.५, ५२०, ५३२ आणि ५४३.५ नॅनोमीटर या चारही तरंगलांबींचा समावेश होतो. डोळ्यास त्यांतील भेद छटेपुरताच जाणवतो. प्रयोगाच्या दृष्टीने ते चार भिन्न प्रकाश होत. सोडियमचे बाष्प ५८९.० व ५८९.६ नॅनोमीटर या दोन रेषांनाच विशेष प्रतिसाद देते. 'पिवळा' म्हणून विकला जाणारा ५९३.५ नॅनोमीटरचा लेसर त्या बाष्पातून सोडला, तर तो जवळजवळ जसाच्या तसा बाहेर पडतो. नाव तेच, पण अपेक्षित कार्य घडत नाही. मर्यादित खर्चात बाजारात सहसा न आढळणारी तरंगलांबी मिळवू पाहणाऱ्या हौशी प्रयोगकर्त्याने म्हणूनच रंगनामावर न विसंबता अंकाचा आणि त्या अंकाच्या उगमाचा शोध घेतला पाहिजे.

१९६० साली थिओडोर मेमन यांनी माणकाच्या स्फटिकापासून ६९४.३ नॅनोमीटरचा पहिला लेसर सिद्ध केला. त्यानंतर असंख्य तरंगलांबींवर लेसरक्रिया घडवून आणण्यात आली. परंतु त्यांतील मोजक्याच स्वस्त झाल्या. ध्वनितबकडीसाठी ७८०, चित्रतबकडीसाठी ६५० आणि ब्लू-रे तबकडीसाठी ४०५ नॅनोमीटरचे डायोड प्रचंड संख्येने तयार झाले. २०१० च्या सुमारास ४४५ नॅनोमीटरचे निळे डायोड वापरणारे प्रक्षेपक बाजारात आले, तेव्हा ते प्रक्षेपक उघडून आतील डायोड काढून घेणे हौशी मंडळींना परवडू लागले. तात्पर्य, तरंगलांबीची स्वस्ताई कारखानदारीने ठरविलेली असते. इष्ट तरंगलांबी कोणत्या धंद्यास लागते, आणि कोणत्या धंद्याने ती टाकून दिली आहे, हा प्रश्न शोधाच्या आरंभीच विचारणे हिताचे ठरते.

टाकून दिलेल्या साधनांत वायु-लेसरचे स्थान मोठे आहे. रक्तपेशींची मोजणी, सूक्ष्मदर्शन व मुद्रण यांसाठी ४८८ आणि ५१४.५ नॅनोमीटरचे अर्गॉन लेसर वापरले जात. त्यांची जागा घन-अवस्था साधने घेऊ लागल्यावर जुनी यंत्रे दुय्यम बाजारात आली. हेलियम-निऑन नळीची ६३२.८ ही तांबडी रेषा सुपरिचित आहे. पण आरशांची निवड बदलली असता तीच वायुमिश्रणे ५४३.५, ५९४.१ व ६११.९ नॅनोमीटर या रेषाही देतात. या रेषांचे प्रवर्धन दुबळे असल्यामुळे त्यांची शक्ती थोडी आणि किंमत अधिक असते. अर्गॉन लेसरचा दोष निराळा. काही दशांश मिलिवॅट नव्हे, तर दहापट-शंभरपट मिलिवॅट प्रकाश त्यातून मिळतो खरा. परंतु त्यासाठी किलोवॅटच्या हिशेबाने वीज खर्च होते.

दुसरा मार्ग निओडिमियमयुक्त स्फटिकांचा. १०६४ नॅनोमीटरच्या अवरक्त प्रकाशाची कंप्रता दुप्पट केली असता ५३२, ९४६ ची केली असता ४७३ आणि १३४२ ची केली असता ६७१ नॅनोमीटर मिळतात. १०६४ व १३४२ यांच्या कंप्रतांची बेरीज ५९३.५ देते, तर १०६४ व १३१९ यांची बेरीज ५८९ देते. तिसरा मार्ग तापमानाचा आहे. तांबड्या डायोडची तरंगलांबी अंशामागे सुमारे ०.२ नॅनोमीटरने बदलते. म्हणून ६३८ नॅनोमीटरचा डायोड सुमारे २५ अंशांनी थंड केल्यास तो ६३३ च्या निकट येतो. मात्र त्यावर दव धरू नये यासाठी तो कोरड्या, बंदिस्त जागी ठेवावा लागतो.

चौथा मार्ग स्वतः बांधणीचा. ३३७.१ नॅनोमीटरच्या नायट्रोजन लेसरची घरी करता येईल अशी रचना १९७४ साली 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकाच्या हौशी शास्त्रज्ञांच्या सदरात प्रसिद्ध झाली. त्याचे प्रवर्धन इतके प्रबळ असते की आरशांवाचूनही तो चालतो. त्याच्या जंबुपार स्पंदांनी ऱ्होडामीन ६जी या रंजकाचे द्रावण उद्दीपित केले, तर सुमारे ५७० ते ६१० नॅनोमीटरमधील हवी ती तरंगलांबी निवडता येते. सोडियमची रेषा याच पट्ट्यात पडते. साहित्य स्वस्त आहे, परंतु त्यातील उच्च दाबाच्या विजेचा धक्का प्राणघातक ठरू शकतो.

मिळालेल्या साधनावरील लेबल हे प्रमाण मानता येत नाही. अमेरिकेतील नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ स्टँडर्ड्‌स अँड टेक्नॉलॉजी या संस्थेतील संशोधकांनी २०१० साली एका स्वस्त हिरव्या लेसरदर्शकाची परीक्षा प्रसिद्ध केली. त्याचा हिरवा प्रकाश क्षीण होता, पण त्यातून जवळजवळ २० मिलिवॅट अदृश्य अवरक्त प्रकाश बाहेर पडत होता. ५३२ नॅनोमीटर निर्माण करणारे ८०८ व १०६४ नॅनोमीटरचे मूळ किरण अडविणारा गाळक त्यात नव्हता. अवरक्त प्रकाश दिसत नसल्याने पापणी मिटत नाही आणि दृष्टिपटलास इजा होते ती कळल्यावाचून.

अशा भेसळीची तपासणी ध्वनितबकडीने करता येते. तिच्या रेषांतील अंतर १.६ मायक्रोमीटर असते. किरण तिच्यावर लंबरूप पाडल्यास ५३२ नॅनोमीटरचा पहिला विवर्तित ठिपका १९.४ अंशांवर, ८०८ चा ३०.३ अंशांवर व १०६४ चा ४१.७ अंशांवर पडतो. कागदावरील अदृश्य ठिपके अवरक्तास संवेदनशील असलेल्या कॅमेऱ्यात उमटतात. ही तपासणी अल्प शक्तीच्या किरणावर, योग्य संरक्षक चष्मा लावूनच करावी. ५९३.५ आणि ५९४.१ यांतील भेद मात्र या उपायाने कळणार नाही. त्यासाठी वर्णपटमापक आवश्यक आहे.

चष्म्याच्या बाबतीतही रंगनाम फसवे आहे. ५३२ नॅनोमीटर अडविणारी तांबूस काच ८०८ अडवीलच असे नाही. प्रकाशीय घनता ४ म्हणजे दहा हजारांतील एकच अंश पार होणे. ही घनता ज्या तरंगलांबीसाठी नमूद असेल, तेवढ्यापुरतीच ती खरी मानावी. पिवळ्या लेसरसाठी अडचण अधिक आहे, कारण डोळ्याची संवेदनशीलता ५५५ नॅनोमीटरपाशी सर्वाधिक असून तो पट्टा गाळणारा चष्मा भोवतालची दृष्टीही मंद करतो. प्रमाणित चष्म्याची किंमत कित्येकदा डायोडहून अधिक असते. म्हणून खर्चाचा आराखडा आखताना इष्ट अंक प्रथम निश्चित करावा, त्या अंकाचा चष्मा त्यानंतर घ्यावा, आणि उरलेल्या रकमेत जो लेसर बसेल तोच परवडणारा समजावा.