खिसा तुटतो, मग पेशीत प्रवास सुरू होतो

कांद्याचा पापुद्रा, आयोडीनचा थेंब, काचपट्टी. अक्कलकोट तालुक्यातल्या मैंदर्गीचा विद्यार्थी असो की मुंबईचा, पेशीशी त्याची पहिली ओळख बहुधा अशीच होते. शाळेच्या सूक्ष्मदर्शकातून भित्ती दिसते, केंद्रक दिसते. पेशीपटलावरची धांदल मात्र दिसत नाही. तिथे सतत खळगे पडत असतात, खळग्यांचे खिसे होतात आणि ते तुटून आत निघून जातात. असा खिसा साधारण 100 नॅनोमीटरचा; साध्या सूक्ष्मदर्शकाची धाव 200 नॅनोमीटरपाशीच संपते.

खिसा घडवण्यात क्लॅथ्रिन या प्रथिनाचा मोठा वाटा असतो. त्याचे तीन पायांचे रेणू एकमेकांत गुंतून पटलाच्या आतून जाळी विणतात आणि पटलाला बाक येतो. रक्तातले एलडीएल कोलेस्टेरॉल याच वाटेने पेशीत शिरते. मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांनी कोलेस्टेरॉलचा हा मार्ग उलगडला. त्यांना 1985 चे नोबेल मिळाले.

पण खिसा नुसता घडून भागत नाही, तो तुटावा लागतो.

फळमाशीचा एक वाण आहे, शिबिरे नावाचा. तापमान तिशीच्या आसपास गेले की या माश्या लुळ्या पडतात आणि गारव्यात आणल्या की पुन्हा हालचाल करू लागतात. उष्णतेने अशा लुळ्या पडणाऱ्या माश्यांच्या मज्जासंस्थेवरचे संशोधन मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील (टीआयएफआर) ओबेद सिद्दिकी यांनी सीमोर बेंझर यांच्यासह 1976 मध्ये प्रसिद्ध केले. शिबिरेचे मूळ 1991 मध्ये सापडले: डायनामिन हे प्रथिन सदोष. डायनामिन खिशाच्या गळ्याभोवती वेटोळे घालते, जीटीपी या रेणूतली ऊर्जा वापरून आवळते आणि गळा तोडते. ते थांबले की मज्जातंतूच्या टोकाशी संदेश वाहणाऱ्या नव्या पुटिका, म्हणजे तुटलेले खिसे, तयार होत नाहीत आणि संदेश खुंटतो.

हे तुटणे प्रत्यक्ष पाहता येते का? पुण्याच्या आयसर या संशोधन संस्थेत थॉमस पुकाडिल यांच्या गटाने काचेवर मेदाच्या अतिबारीक नळ्या अंथरल्या, त्यांवर डायनामिन आणि जीटीपी सोडले, आणि नळ्या तुटताना पाहिल्या. ही पद्धत 2015 मध्ये प्रसिद्ध झाली. सबंध पेशीतला गुंता बाजूला ठेवून एकट्या प्रथिनाला प्रश्न विचारायची ही रीत फार मोलाची आहे.

आत आलेला ऐवज पुढे ओढतात कायनेसिन आणि डायनीन ही प्रथिने. सूक्ष्मनलिकांच्या रुळांवर कायनेसिन एका पावलात 8 नॅनोमीटर सरकते. डायनीन एकेकटे दुबळे असते. टीआयएफआरमध्ये असताना रूप मल्लिक यांच्या गटाने लेसरच्या चिमट्याने त्यांची ताकद मोजली. एका जुवाला जुंपलेल्या बैलांसारखी ही डायनीन मिळून जोर लावतात, हे 2013 मध्ये दिसले. पुढे 2016 मध्ये याच गटाने दाखवले की, गिळलेल्या कणाभोवतीच्या पटलावर डायनीन ठरावीक मेदांच्या ठिपक्यांत गोळा होतात. काळा आजाराचा परजीवी लिशमानिया आपल्या अंगावरच्या मेदयुक्त रेणूने नेमका हाच जमाव मोडतो. त्यामुळे त्याला पचवणाऱ्या लायसोसोमपर्यंत त्याची रवानगी रखडते आणि आपल्याच रोगप्रतिकारक पेशीत तो तग धरतो.