पाच-दहा मिनिटांची विचारपूस

'स्क्रीनिंग' म्हटलं की आपल्याला रक्ताची बाटली नाहीतर एक्स-रे आठवतो. अमेरिकेत माजी सैनिकांचं 'टॉक्सिक एक्स्पोजर स्क्रीनिंग' होतं, ते मात्र नुसत्या प्रश्नांचं. सेवेत असताना विषारी धूर, दूषित पाणी, किरणोत्सर्ग यांच्याशी संबंध आला होता का? पाच-दहा मिनिटांत आटोपतं, आणि दर पाच वर्षांनी एकदा तरी विचारतातच.

इराक-अफगाणिस्तानच्या तळांवर कचरा उघड्या खड्ड्यांत जाळायचे. प्लॅस्टिक, रंग, दवाखान्यातला कचरा, सगळं एकत्र. पेटवायला विमानाचं इंधन. त्याआधी व्हिएतनाममध्ये एजंट ऑरेंज होतंच. आजार उगवतो कित्येक वर्षांनी, आणि तेव्हा डॉक्टर बहुधा सिगारेटचंच विचारणार! आजार त्या धुरामुळेच झाला, हे सिद्ध करायचं ओझंही आजाऱ्यावरच. ऑगस्ट २०२२ च्या पॅक्ट कायद्याने वीसहून जास्त आजारांपुरतं ते उतरवलं. त्या भागात, त्या काळात सेवा केली होती एवढं दाखवलं की पुरे. फुप्फुसाच्या कर्करोगाने गेलेल्या सार्जंट हीथ रॉबिन्सनचं नाव या कायद्याला आहे. ही विचारपूसही त्यातलीच, त्याच नोव्हेंबरपासूनची.

मात्र 'हो' म्हटल्याने भरपाई मिळत नाही, तिचा अर्ज वेगळा. पण उत्तर नोंदीत राहतं, आणि पुढच्या डॉक्टरला त्या खोकल्याकडे वेगळ्या नजरेनं बघता येतं.